ध्रुवाखालचे गवत आणि दगडफूल



वैशाखाच्या ऐन उकाड्यात व्याख्यानासाठी बर्फाचा मुलूख निवडला, यात वक्त्याचा काही धूर्तपणा आहे असे कोणी म्हटले, तर ते आम्ही नाकारणार नाही. दोन घटका मनाला गारवा मिळाला तरी व्याख्यानमालेचा एक हेतू सफळ झाला. परंतु आमचा मुख्य हेतू याहून थोडा वेगळा आहे. उत्तर ध्रुवप्रदेश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी अस्वले, तरंगते हिमनग आणि कुत्र्यांच्या गाड्या उभ्या राहतात. त्या साऱ्यांच्या पायाशी, बहुधा गुडघ्याच्याही वर न येणारी एक वनस्पतिसृष्टी आहे. गवते, हरिता, नेचे आणि शैवाके ही तिची चार घराणी. तिच्याकडे सहसा कोणी वाकून पाहत नाही. आज आपण तासभर तिच्याकडे पाहू. ही क्षुद्र दिसणारी मंडळी त्या प्रदेशाचा सगळा संसार कसा चालवितात, आणि तो संसार आज अडचणीत का आला आहे, याचा विचार करू.

ध्रुवप्रदेश हा शब्द मराठी माणसाला परका नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि सहा महिन्यांचा दिवस व सहा महिन्यांची रात्र ही गोष्ट आपल्याकडे चर्चेचा विषय झाली. आर्यांचे मूलस्थान तेथे होते हा लोकमान्यांचा सिद्धान्त आजचे संशोधक मान्य करीत नाहीत, आणि तो वाद आज आम्हांला उकरून काढावयाचाही नाही. तथापि एक गोष्ट खरी की, त्या ग्रंथाने आपल्याला ध्रुवप्रदेशाचे आकाश दाखविले. तेथील उषा, तेथील तारे दाखविले. आज आपण तेथील जमिनीकडे पाहणार आहोत.

प्रथम नावांचा घोटाळा सोडवू. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर जे जे हिरवे उगवते, त्या सगळ्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. पण त्यात निरनिराळी कुळे आहेत. भिंतीवरचा मखमलीसारखा मऊ थर असतो तो हरितांचा. त्यांना इवलीशी पाने असतात, पण खरे मूळ नसते आणि फूल तर नसतेच. कोकणातल्या विहिरीच्या चिऱ्यांतून, सह्याद्रीच्या ओहोळांतून, टोकाशी गुंडाळलेली पाने उलगडीत येतात ते नेचे. आणि शैवाक म्हणजे काय, हे येथे जमलेल्या भगिनींना आम्ही सांगावयास नकोच. गोडा मसाला करताना आपण जे दगडफूल घालता, ते शैवाकच होय. नावात फूल आहे, पण ते फूल नव्हे. हा घोटाळा केवळ आपलाच नाही. आइसलंडमध्ये एका शैवाकाला ‘डोंगरी गवत’ म्हणतात. इंग्रज त्यालाच ‘आइसलंडची हरिता’ म्हणतो. ते ना गवत, ना हरिता. तेथील लोकांनी मात्र ते शतकानुशतके पेजेत घातले, पिठात मिसळून त्याची भाकरी केली, आणि टंचाईची वर्षे काढली.

आता प्रदेशाकडे वळू. अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंड, स्वालबार्ड, स्कँडिनेव्हियाचे उत्तर टोक आणि सैबेरियाचा उत्तर किनारा, असा हा पट्टा पृथ्वीच्या डोक्याभोवती टोपीच्या काठासारखा फिरतो. झाडांची हद्द संपली की जो उघडा माळ सुरू होतो त्याला टंड्रा म्हणतात. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंशांवर दिसतो. स्वालबार्डमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो. तेथील न्यू-ओलेसुंड या वस्तीत एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. पण तो तिरपा असतो. उजेड पुष्कळ, ऊब थोडी. आणि बर्फ वितळून पुन्हा पडेपर्यंत वनस्पतींच्या हाती उरतात ते जेमतेम दीड-दोन महिने.

दुसरी अडचण पायाखाली आहे. टंड्राची जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. काही ठिकाणी ही गोठण पाच-सहाशे मीटर खोल गेलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थर काय तो वितळतो, कोठे वीतभर, कोठे कमरेइतका. तेवढ्यातच मुळांनी काय करावयाचे ते करावे. तिसरी गोष्ट ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. बर्फाचा हा मुलूख पावसाच्या हिशेबाने दुष्काळी आहे. पुण्याला वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. टंड्राच्या बऱ्याच भागांत पाऊस आणि बर्फ मिळून १५० ते २५० मिलिमीटर पाणी पडते. मग तो प्रदेश दलदलीचा का दिसतो? कारण पडलेले पाणी खाली मुरायला जागाच नसते. खाली बर्फाचा तळ असतो. त्यामुळे एकाच माळावर खोलगट जागी चिखल आणि उंचवट्यावर वाळवंट, असे दोन्ही दृश्य शेजारी शेजारी दिसते.

अशा ठिकाणी कोण टिकेल? आकडेच याचे उत्तर देतात. पृथ्वीवर फुलझाडे, नेचे वगैरे उच्च वनस्पतींच्या तीन लाखांहून अधिक जाती आहेत. ध्रुवप्रदेशात त्यांपैकी सुमारे २,२०० आढळतात, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. हरिता व त्यांच्या नातलगांच्या जाती तेथे सुमारे ९०० आहेत. आणि शैवाकांच्या सुमारे १,७५०, म्हणजे जगातल्या सगळ्या शैवाकांपैकी शंभरात आठ-नऊ. जसजसे आपण ‘खालच्या’ म्हटल्या जाणाऱ्या वनस्पतींकडे जातो, तसतसा त्यांचा वाटा वाढत जातो. जेथे मोठ्यांचा निभाव लागत नाही, तेथे लहानांचे राज्य असते.

लहानपणाचा पहिला फायदा उबेचा. वारा जमिनीलगत मंदावतो. उन्हाच्या दिवशी हरितांच्या गादीतली हवा वरच्या हवेपेक्षा दहा अंशांनी किंवा त्याहूनही अधिक गरम असू शकते. माणसाच्या कानाशी हिवाळा असतो, आणि त्याच्या घोट्यापाशी वसंत ऋतू चाललेला असतो. तेथे उंच वाढणे म्हणजे थंडीत डोके घालणे.

आता एकेका घराण्याची ओळख करून घेऊ. गवतांपासून प्रारंभ करू. बी धरावयाचे, पिकवावयाचे आणि रुजवावयाचे, एवढे काम दोन महिन्यांत उरकेल याची खात्री नसते. म्हणून तेथील काही गवतांनी एक युक्ती केली आहे. स्वालबार्डमध्ये पोआ कुळातले एक गवत आहे. त्याच्या तुऱ्यात बियांऐवजी पानांसकट लहानलहान रोपेच तयार होतात. आईच्या कडेवर वाढलेले हे मूल वाऱ्याने खाली पडले की लगेच मूळ धरते. बीजाचा धोका पत्करण्यापेक्षा चालते-बोलते मूल धाडलेले बरे, असा हा व्यवहार.

गवतासारखेच दिसणारे दुसरे कुळ लव्हाळ्यांचे. आपल्याकडचे कीर्तनकार लव्हाळ्याच्या नम्रतेचा दाखला देतात, त्याच कुळातला ध्रुवप्रदेशीय भाऊ म्हणजे कापूसगवत. त्याच्या देठावर पांढरा कापसासारखा गोंडा येतो. उन्हाळ्यात दलदलीवर ते असे फुलते की वेचणीला आलेले कापसाचे शेतच वाटावे. याची एक जात घट्ट ठोंब करून वाढते, आणि अलास्कातल्या अशा एकेका ठोंबाचे वय शंभर वर्षांहून अधिक असू शकते. आपण ज्याला गवताचा बुंधा म्हणून पायाखाली घालू, तो आपल्या आजोबांच्या वयाचा असतो.

या गोंड्याचा उपयोग ऐकण्यासारखा आहे. कॅनडा व ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांच्या घरात लाकूड नव्हते, कोळसा नव्हता. संगजिऱ्याच्या दगडाचा अर्धचंद्राकृती उथळ दिवा, त्यात सीलची चरबी, आणि वात वाळलेल्या हरितांची व कापूसगवताच्या गोंड्याची. याच दिव्यावर अन्न शिजे, याच दिव्यावर बर्फ वितळवून पाणी होई, याच्याच उबेवर ओले कपडे वाळत. वात सारखी करीत बसणे हे घरातल्या बाईचे काम, आणि दिवा विझला तर घर विझले. कॅनडाचा नुनावुत हा प्रदेश १९९९ मध्ये वेगळा झाला, तेव्हा त्याच्या राजचिन्हावर हा दिवा घेण्यात आला. आपल्याकडच्या समईच्या वातीइतकेच मोल त्या वातीला आहे.

स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेला सामी नावाचे लोक राहतात. ते एका जातीचे लव्हाळे कापीत, कुटून व विंचरून मऊ करीत, आणि पायमोज्यांऐवजी बुटांत भरीत. ओल शोषून घेणारे आणि ऊब धरणारे हे गवत पुढे ध्रुवांवरच्या मोहिमांनी उचलले. १९११–१२ साली दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या अमुंडसेन आणि स्कॉट यांच्या माणसांच्या पायांतही हेच गवत होते. मोठ्या पराक्रमांच्या पायतळी कोण असते, हे इतिहास सहसा लिहीत नाही.

नेच्यांविषयी थोडक्यात आटोपू, कारण तेथे ते स्वतःच थोडे आहेत. नेच्याला सावली आणि ओल प्रिय. उघड्या माळावर त्याचे काय चालणार? तो खडकांच्या भेगा शोधतो. एक नाजूक नेचा जगभर पसरलेला आहे, तो हिमालयातही सापडतो आणि स्वालबार्डच्या कपारींतही. दुसरा एक सुगंधी नेचा ग्रीनलंड व उत्तर कॅनडाच्या कोरड्या कड्यांवर राहतो. त्याची जुनी पाने वाळून, आक्रसून बुडाशी वर्षानुवर्षे चिकटून राहतात आणि कोवळ्या कोंबाला वेढून असतात. एकत्र कुटुंबात म्हाताऱ्यांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी हा नेचा पाहावा.

हरितांची गोष्ट मात्र विस्ताराने सांगितली पाहिजे. मूळ नसलेली ही वनस्पती पाणी साऱ्या अंगाने पिते, आणि पाणी संपले की वाळून जाते. वाळते म्हणजे मरते असे नाही. तिचे काम थांबते, इतकेच. पुन्हा ओल मिळताच काही वेळातच ती हिरवी होऊन कामाला लागते. ही शक्ती किती दूर जाते याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. कॅनडातल्या एल्झमिर बेटावर टियरड्रॉप नावाची एक हिमनदी मागे हटत आहे. तिच्या बर्फाखालून दबलेल्या हरिता उघड्या पडू लागल्या. सुमारे चारशे वर्षांपूर्वी, पृथ्वीवर थंडी वाढलेल्या काळात त्या गाडल्या गेल्या होत्या. अल्बर्टा विद्यापीठातील कॅथरिन ला फार्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आणून प्रयोगशाळेत रुजविल्या, आणि त्यांतल्या काही पुन्हा वाढू लागल्या. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. शिवछत्रपतींच्या जन्माआधी निजलेली वनस्पती आपल्या काळात जागी झाली.

दुसरी एक मौज. हरितांची बीजुके बहुधा वाऱ्यावर जातात. पण एक कुळ असे आहे की ते जनावरांच्या शेणावर आणि मेलेल्या प्राण्यांच्या अवशेषांवर उगवते. त्यातल्या कित्येक जाती असा वास सोडतात की माश्या धावून येतात, आणि बीजुके अंगाला चिकटवून दुसऱ्या ताज्या शेणावर नेऊन ठेवतात. फुलाशिवाय फुलाचे काम साधणारी ही हरिता आहे. त्या कंगाल जमिनीत मेलेल्या लेमिंगच्या हाडाभोवतीची मूठभर जागा म्हणजे तिला सुपीक मळा वाटतो.

पण हरितांचे सर्वांत मोठे काम दिसत नाही, कारण ते पायाखाली चालते. टंड्रावर हरितांचा जाड गालिचा असतो. उन्हाळ्यात तो वरून वाळला की गोधडीसारखा होतो आणि उन्हाची उष्णता खाली जाऊ देत नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी तो ओला होऊन गोठतो, तेव्हा जमिनीतली उष्णता बाहेर जाऊ देतो. म्हणजे एकीकडून दार बंद, दुसरीकडून उघडे. खालची जमीन गोठलेली राहते ती पुष्कळ अंशी या गोधडीमुळे. आणि त्या गोठलेल्या जमिनीत हजारो वर्षांची न कुजलेली पाने, मुळे, पीट साठलेले आहेत. उत्तरेकडील अशा जमिनींत सुमारे १,४०० ते १,६०० अब्ज टन कार्बन असावा असा अंदाज आहे. सध्या साऱ्या वातावरणात आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. एवढ्या कोठाराच्या दारावर पहारा कोणाचा, तर बोटभर उंचीच्या हरितेचा.

आता शैवाके. स्वीडनचा विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस १७३२ साली, ऐन पंचविशीत, लॅपलंडच्या प्रवासाला गेला, आणि १७३७ मध्ये त्याने तेथील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. शैवाकांना तो वनस्पतींमधले अगदी गरीब कुणबी समजे. उपमा सुंदर आहे. जेथे काहीच पिकत नाही त्या खडकावर हा कुणबी पहिला नांगर धरतो. पण हा कुणबी एकटा नाही, हे लिनियसला ठाऊक नव्हते. १८६७ मध्ये सिमॉन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने सांगितले की, शैवाक म्हणजे एक वनस्पती नसून कवक आणि शैवल यांचा एकत्र संसार आहे. कवक घर बांधते, ओल धरते, खडकाला चिकटून राहते. शैवल उन्हातून अन्न तयार करते. त्या काळच्या मोठमोठ्या शैवाकतज्ज्ञांना हे मुळीच पटले नाही. कालांतराने श्वेंडेनरच खरा ठरला, आणि २०१६ मधील एका संशोधनाने तर काही शैवाकांच्या सालीत यीस्टच्या रूपाने तिसरा भागीदारही दाखवून दिला.

या भागीदारीचे बळ अचाट आहे. २००५ साली दोन शैवाके एका यानातून अवकाशात नेली आणि सुमारे पंधरा दिवस उघड्या पोकळीत ठेवली. परत आणल्यावर ती पुन्हा कामाला लागली. त्यांतले एक नारिंगी, जे ध्रुवप्रदेशात पक्ष्यांच्या बसण्याच्या खडकांवर विष्ठेच्या खतावर फोफावते; दुसरे नकाशासारख्या रेघांचे, पिवळट हिरवे. हे नकाशा-शैवाक ध्रुवप्रदेशात वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. ते इतके सावकाश आणि इतके नेमाने वाढते की, १९५० मध्ये रोलांड बेशेल या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे घड्याळ केले. हिमनदीने टाकलेल्या दगडावरचे सर्वांत मोठे शैवाक मोजावे आणि दगड कधी उघडा पडला ते ठरवावे, अशी ती रीत. शतके मोजणारे घड्याळ!

माणसानेही प्रसंगी शैवाक खाल्ले आहे. १८२१ च्या शरद ऋतूत कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावरून परतताना जॉन फ्रँकलिनची तुकडी उपाशी पडली. त्यांनी खडकावरचे काळे शैवाक खरवडून उकळले, आणि तेही मिळेना तेव्हा बुटांचे कातडे चावले. शैवाकाने पोटे बिघडली. निम्म्याहून अधिक माणसे त्या प्रवासात दगावली. पण जे माणसाला पचत नाही ते रेनडियरला पचते, आणि येथून आमच्या विषयाचे मर्म सुरू होते.

रेनडियर, ज्याला अमेरिकेत कॅरिबू म्हणतात, हिवाळ्यात मुख्यतः शैवाकांवर जगतो. बर्फाखालचे शैवाक तो वासाने ओळखतो आणि खुरांनी खड्डा करून काढतो. हे शैवाक फिकट पांढरे, झुडपासारखे फांद्यांचे असते. वर्षाला त्याची वाढ तीन ते पाच मिलिमीटर. एकदा मुळासकट खरडले की कुरण पूर्ववत व्हायला कित्येक दशके लागतात. सामी धनगरांचे सारे शहाणपण या एका गोष्टीभोवती फिरते. कळप हलता ठेवावा, हिवाळी कुरण उन्हाळ्यात तुडवू नये, आज खाल्लेल्या जागी पुन्हा लवकर येऊ नये. आपल्या पेढीवाल्यांच्या भाषेत सांगावयाचे तर, व्याजावर जगावे, मुद्दलास हात लावू नये.

मुद्दलास हात लावला तर काय होते? बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचे एक निर्जन बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तेथे एक ठाणे उभारले, आणि अडीअडचणीला मांस मिळावे म्हणून १९४४ मध्ये २९ रेनडियर नेऊन सोडले. युद्ध संपले, माणसे परत गेली, रेनडियर तेथेच राहिले. बेटावर लांडगा नाही, शिकारी नाही. शैवाकांचा थर कोठे कोठे चार इंच जाड, शतकानुशतके कोणी न मोडलेली ठेव. डेव्हिड क्लाइन हे शास्त्रज्ञ १९५७ मध्ये तेथे गेले तेव्हा जनावरे १,३५० होती, चांगली पुष्ट. १९६३ मध्ये ती ६,००० झाली. पण शैवाकाचा गालिचा संपत आला होता. त्या पुढचा हिवाळा कडक पडला. क्लाइन १९६६ मध्ये पुन्हा गेले तेव्हा बेट सांगाड्यांनी भरले होते. जिवंत उरली होती ४२ जनावरे. त्यांत एकच नर, आणि तोही वंश चालविण्याच्या लायकीचा दिसत नव्हता. पुढे तीही संपली. एकोणीस वर्षे त्या कळपाची भरभराट दिसत होती. ती मिळकत नव्हती. तो मुद्दलाचा खर्च होता.

आपण म्हणाल, मुकी जनावरे, त्यांना हिशेब काय कळे? तर आता माणसाचा हिशेब ऐका. शैवाकाला मूळ नाही. पाऊस, धुके, धूळ यांतून जे येईल ते सारे ते अंगात घेते आणि वर्षानुवर्षे धरून ठेवते. गरिबाला जे पदरात पडेल ते टाकवत नाही, त्यातला प्रकार. १९५० ते १९६३ च्या दरम्यान महाराष्ट्रांनी हवेत अणुबाँबचे स्फोट केले. हवेतील स्फोटांवर १९६३ मध्ये करार झाला, पण तोवर त्यांची किरणोत्सर्गी धूळ पृथ्वीभर पसरली होती. ती शैवाकांत साठली, शैवाकांतून कॅरिबूत व रेनडियरमध्ये गेली, आणि त्यांच्या मांसावर जगणाऱ्या अलास्कातील व लॅपलंडमधील लोकांच्या शरीरांत दक्षिणेकडच्या शहरवासीयांपेक्षा कितीतरी अधिक सापडली. ज्यांनी बाँब पाहिलाही नव्हता, त्यांच्या अंगात तो उतरला.

पुढे २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. वारा उत्तरेकडे वाहिला, आणि नॉर्वे-स्वीडनच्या मधल्या भागात नेमका पाऊस पडला. सीझियम-१३७ शैवाकांत शिरले. त्याचे अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचे. स्वीडनमध्ये किलोमागे ३०० बेकरेल ही मांसाची मर्यादा होती; हजारो रेनडियरांचे मांस टाकून द्यावे लागले. शेवटी स्वीडनने १९८७ मध्ये ही मर्यादा १,५०० केली, नॉर्वेने त्याआधीच ६,००० केली होती, कारण नाही तर सामींचा सारा धंदाच बुडत होता. कत्तलीपूर्वी काही आठवडे जनावरांना स्वच्छ चारा घालावा, म्हणजे विष उतरते, असाही उपाय सापडला. पण ज्या समाजाचे जेवण, पोशाख, गाणे आणि नाते सारे एका जनावराभोवती गुंफलेले आहे, त्याला आपलेच अन्न यंत्राने मोजून खाण्याची वेळ यावी, यातले दुःख आकड्यांत मावत नाही.

आता चालू काळाकडे येऊ. १९७९ पासूनच्या नोंदी पाहता ध्रुवप्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आहे. एखाद्याला वाटेल, थंडीने गारठलेल्या वनस्पतींना हे सुखाचेच होईल. काहींना होतही आहे. पुष्कळ ठिकाणी झुडपे वाढू लागली आहेत, आणि उपग्रहांना टंड्रा अधिक हिरवी दिसते. पण झुडपाची सावली आणि त्याचा पालापाचोळा पडला की खालचे शैवाक गुदमरते. उन्हाला वर्षभर वाट पाहणाऱ्याच्या डोक्यावर कोणी छत्री धरावी, तसे ते आहे. हिरवे झाले म्हणजे समृद्ध झाले असे नाही.

दुसरे संकट विचित्र आहे. हिवाळ्यात बर्फ पडण्याऐवजी पाऊस पडतो, आणि तो लगेच गोठून जमिनीवर काचेचा थर होतो. रेनडियरच्या खुराने भुसभुशीत बर्फ उकरता येतो, काच फुटत नाही. सैबेरियातील यामाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर २०१३ मध्ये असा पाऊस पडला. चारा खाली होता, पण कुलूपबंद. त्या हिवाळ्यात ६१,००० रेनडियर उपाशी मेले, आणि कित्येक नेनेत्स कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी गेली.

तिसरे संकट गोधडी फाटण्याचे. अलास्काच्या उत्तर उतारावर १९४० च्या दशकात तेलाच्या शोधासाठी जड गाड्या फिरल्या. त्यांनी हरितांचा थर चिरला, खालचा बर्फ वितळला, आणि चाकोऱ्यांचे चर झाले. ते चर पुढे कित्येक दशके विमानातून दिसत राहिले. एका दुपारचे काम, पण भरून यायला दोन पिढ्यांचा काळ पुरला नाही. २००७ मध्ये त्याच भागात अनाक्टुवुक नदीकाठी विजेने वणवा पेटला आणि सुमारे १,००० चौरस किलोमीटर टंड्रा जळाली. हजारो वर्षे जी भूमी क्वचितच जळत असे, तेथे आता गोधडीच पेट घेऊ लागली आहे, आणि तिच्याखाली कोणते कोठार आहे ते आपण मघाशी पाहिले.

येथे कोणी विचारील की, इतक्या दूरच्या गवताचे आपल्याला काय? याला दोन उत्तरे आहेत. पहिले, ते कोठार उघडले तर त्यातून निघणारा वायू सीमा ओळखत नाही. आपल्या मोसमी वाऱ्यांचे आकाश आणि त्यांचे आकाश एकच आहे. म्हणूनच भारताने १ जुलै २००८ रोजी न्यू-ओलेसुंड येथे ‘हिमाद्री’ हे संशोधन-केंद्र उघडले. त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्राकडून चालतो, आणि आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तेथील शैवाकांचा व हरितांचाही अभ्यास केला आहे. नारळाच्या सावलीतून हरितांचा विचार व्हावा, ही आम्हांला अभिमानाची गोष्ट वाटते.

दुसरे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. आपण वाण्याकडून पुडीत आणतो ते दगडफूल शेतात पिकत नाही. ते रानातून, झाडांच्या सालींवरून आणि खडकांवरून खरवडून आणले जाते, आणि तेही वाढायला वर्षे घेते. मसाल्यात ते चिमूटभरच घालावे लागते, ही मोठी कृपा आहे. ते घालू नये असे आम्ही म्हणत नाही. आमची आमटीही त्याच वासाने ओळखू येते. एवढेच म्हणतो की, चिमूट हातात घेताना त्याच्या वयाची जाणीव असावी.

श्रोतेहो, जगात काही संपत्ती अशी आहे की ती पुन्हा मिळविता येते. धान्य पुढच्या सुगीला येते, पैसा पुढच्या महिन्याला येतो. आणि काही अशी आहे की तिचा कर्ता काळ असतो. ती खर्च करायला आपल्याला दिवस पुरतो, आणि भरून काढायला नातवंडांचे आयुष्यही अपुरे पडते. उत्तरेच्या त्या माळावरचे गवत, हरिता आणि शैवाक ही दुसऱ्या प्रकारची संपत्ती होय. सामी धनगराला हे शाळेत न जाता कळले. सेंट मॅथ्यूच्या कळपाला ते कळणे शक्यच नव्हते. आपण या दोघांपैकी कोणाच्या वाटेने जाणार, हे अजून ठरावयाचे आहे, आणि ते ठरविण्याची बुद्धी आपल्याला आहे, एवढा विश्वास बाळगून आम्ही आपली रजा घेतो.